टाचणीची पहिली गाठ

मित्रांनो, काठी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हाताऱ्याच्या आधाराची, नाहीतर कुत्र्याला हाकलायची. मी त्यातली नव्हे. मी मासे धरायची काठी आहे, आणि ऐट करायचा दोष पत्करून सांगते, साधीसुधी नाही. माझी चाळिशी कधीच उलटली. अंगावरचं रोगण जागोजागी तडकलं आहे, मुठीचं बूच हाताच्या घामाने काळं पडलं आहे. पण अजून मला हातात घेऊन कुणी हलवलं की टोकापर्यंत शिरशिरी जाते.

माझा कारागीर कमी बोलणारा माणूस होता. त्याने एक जून बांबू उभा चिरला, त्यातल्या सहा पट्ट्या निवडल्या आणि रंध्याने तासून प्रत्येकीला तीन कडा दिल्या. मग सरस लावून सहाहीजणींना एकमेकींना चिकटवलं, वरून दोऱ्याने करकचून बांधलं आणि खुंटीला टांगून आठवडाभर ढुंकूनही पाहिलं नाही. दोरा सोडला तेव्हा सहाजणींची मी एक झाले होते. दोर ओवायला त्याने माझ्या अंगावर बारीक कड्या बसवल्या. मध्ये पितळी सांधा दिला, म्हणजे दोन तुकडे करून मला पिशवीत घालता येतं. एवढं करूनही टोकाशी जराशी डावीकडे मान वाकडी करायची खोड मला राहिलीच. कारागिराने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "असू दे. सरळ काय, खांबही असतो."

आमच्या मासेमारीची रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. साध्या गळाला गांडूळ लावतात, पाण्यात टाकतात आणि काठावर डुलक्या काढतात. आमच्यात गळावर पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी बांधलेली असते. माशाला ती खरी वाटली पाहिजे. ती इतकी हलकी, की फेकायला जाल तर तुमच्याच पायाशी पडेल. म्हणून माशी फेकायची नाही. जाड दोर फेकायचा, आणि माशीने त्याचं शेपूट धरून जायचं. दोर आधी तुमच्या मागे जातो, हवेत पुरता उलगडतो, आणि मग पुढे येतो. तो मागे उलगडेपर्यंत थांबावं लागतं. हे थांबणं ज्याला जमलं त्याला सगळं जमलं. बहुतेकांना जमत नाही. माणसाला पाठीमागचं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी थांबायची त्याची तयारी नसते.

माझ्या कारागिराला थंडीसाठी कोट हवा होता, आणि एका तरुण शिंप्याला काठी हवी होती. त्यांचा सौदा असा जुळला. कोट कसा झाला कोण जाणे, पण शिंपी मला घरी घेऊन आला तेव्हा आनंदाने त्याला जेवण गेलं नाही. कोटाच्या उरलेल्या अस्तराची त्याने माझ्यासाठी पिशवी शिवली. दर सुटीच्या दिवशी आम्ही नदीवर. माश्याही तो स्वतः बांधायचा, दुकानातल्या चिंध्यांच्या टोपलीतून. कुणाच्या स्वेटरची लोकर, कुणाच्या टोपीतलं पीस. एका न्यायाधीशाच्या कोटाच्या काळ्या धाग्याची त्याने माशी केली होती. तिला आमच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा मासा लागला. शिंपी सगळ्यांना सांगायचा, "निकाल ऐकायला वर आला बिचारा."

दिवस गेले. शिंप्याची मुलगी मोठी झाली, दवाखान्यात परिचारिका झाली, तिलाही मुलगी झाली. शिंप्याचा आजोबा झाला. तेव्हापासून मीही त्यांना आजोबाच म्हणते. दुकान गेलं आणि घरातल्या खिडकीपाशी एक शिवणयंत्र उरलं. नदी मात्र चालू होती. मग तीन वर्षांपूर्वी एके दिवशी आजोबा नदीत पडले. पाण्यातल्या दगडाला ठेचकाळले, मनगट मोडलं, आणि भिजून कुडकुडत घरी आले. "शेवाळं होतं," ते म्हणाले.

मुलीने प्लॅस्टर होईपर्यंत धीर धरला. मग म्हणाली, "बाबा, माझ्या वॉर्डात रोज म्हातारी माणसं येतात, मांडीचं हाड मोडून. चालत येत नाहीत आणि कितीतरी जणं चालत परतही जात नाहीत. यापुढे नदीवर एकट्याने जायचं नाही." घरात दुसरं कुणी मासेमारीवालं नव्हतं. म्हणजे जायचंच नाही. मी कपाटाच्या माथ्यावर गेले. समोरच्या खाणावळीच्या मालकाने दोनदा विचारलं, "गल्ल्याच्या वर टांगतो की! घड्याळ आणि प्लॅस्टिकचा मासा आहेच, मध्ये जागा आहे." प्लॅस्टिकच्या माशाशेजारी! मित्रांनो, कपाटावरच्या धुळीत मला त्या काळात एवढं एकच स्वप्न पडायचं, आणि ते वाईट होतं.

मला खाली काढलं नातीने. ती नऊ वर्षांची. काटकुळी, आणि जे बोलेल ते नेमकं टोचेल असं बोलणारी. म्हणून आजोबा तिला टाचणी म्हणत. रोज शाळेत जायच्या आधी टाचणी आजोबांना दहा सुया ओवून द्यायची आणि सुया टोचायच्या छोट्या गादीवर ओळीने टोचून ठेवायची. "मला कंटाळा येतो ओवायचा," आजोबा म्हणत. आईला वाटायचं, नातीचे लाड चाललेत. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

यंदा शाळेच्या सुटीत टाचणीने हट्ट धरला, "मला मासे धरायला शिकवा." तीन दिवस घरात तेच. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "बरं. एक दिवस. बघू कसं होतंय. काही वेडंवाकडं झालं, तर काठी जाईल खाणावळीत, सांगून ठेवते."

मला स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीच्या मधल्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, म्हणून पुढचं दोन्हीकडचं मी ऐकलं. बाहेर आई आजोबांना म्हणाली, "तिचा हात सोडू नका. अवखळ आहे, पाण्यात जाईल." आत येऊन टाचणीला म्हणाली, "आजोबांवर लक्ष ठेव. कबूल करणार नाहीत, पण पायात पहिल्यासारखा जोर नाही. आणि घरी आल्यावर मला खरं सांगायचं. सगळं. कबूल?" टाचणी म्हणाली, "कबूल." दोघंही ऐटीत होते. आपण दुसऱ्याला सांभाळायला निघालोय असं दोघांनाही वाटत होतं.

आई शिंप्याची मुलगी होती हे विसरू नका. निघताना तिने आजोबांच्या मशीनवरचा खडू उचलला. शिंप्यांचा चपटा खडू असतो ना, कापडावर रेघ ओढायचा, तो. तिने आजोबांच्या पँटीवर दोन्ही गुडघ्यांच्या जरा वर एकेक पांढरी रेघ मारली.

"पाणी इथवर. याच्या वर गेलात की खडू धुऊन जाईल, आणि मला कळेल."

"पन्नास वर्षं लोकांच्या पँटींवर रेघा मारल्या मी," आजोबा म्हणाले. "आज पोटची पोर माझ्या पँटीवर मारतेय."

"कुणाकडे शिकले?" आई म्हणाली.

आम्ही बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथून शेताच्या कडेने पायवाट. टाचणी मला मिरवणुकीतल्या झेंड्यासारखी धरून पुढे. आजोबा मागून "टोक सांभाळ, टोक" म्हणत. नदी आली तरी त्यांनी तिला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. आधी गवतावर. त्यांनी माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा लावला आणि मला तिच्या हातात दिलं.

नवीन हात मला लगेच कळतो. तिचा हात घाईचा होता. दोर मागे गेला न गेला तोच ती पुढे ओढायची, आणि सगळा दोर तिच्या डोक्यावर ढीग होऊन पडायचा. पहिल्यांदा लोकर तिच्या कानाला लागली. दुसऱ्यांदा आजोबांची टोपी उडाली. तिसऱ्यांदा मागच्या झुडपात अडकली. "झाड लागलं गळाला," आजोबा म्हणाले. "चांगलं मोठं आहे. घरी न्यायचं का?"

टाचणीला हसू येईना. आजोबा तिच्या मागे गुडघ्यावर बसले आणि तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "तू मशीनचं पायडल मारतेयस. खडखड खडखड. हे मशीनचं काम नाही, कात्रीचं आहे. मोठी कात्री कापडातून कशी जाते? एकदा लांब. मग थांबायचं. उघडायची. मग परत लांब." त्या चार हातांनी मला मागे नेलं. आम्ही थांबलो. तीन वर्षांनी दोर माझ्या मागे पुरता उलगडलेला मला जाणवला, आणि मग पुढे तो गवतावर असा सरळ जाऊन पडला, जशी आखलेली रेघ. टाचणीने तोंड उघडून नुसतं आजोबांकडे पाहिलं. त्या क्षणी ती मला फार आवडली. आजतागायत आवडते.

दुपार व्हायच्या आत ती दहांतले चार दोर बरे टाकायला लागली. मग आजोबा खरी माशी बांधायला बसले. दोराच्या टोकाला तंगूस असतो, नायलॉनचा पारदर्शक धागा, माशाला दिसू नये म्हणून. तो माशीच्या बारीक भोकातून ओवायचा आणि गाठ मारायची. आजोबा टाचणीकडे पाठ करून बसले. बराच वेळ बसले. तिला वाटलं, काही गुपित असेल.

त्यांनी पहिला दोर स्वतः टाकला, तिला दाखवायला. एका दगडामागे पाणी फुटलं, मासा लागला, मी वाकले, आणि लगेच सैल. तंगूस ओढून पाहिला तर माशी गायब, टोक नुसतं कुरळं झालेलं. टोक कुरळं येतं तेव्हा धागा तुटलेला नसतो, गाठ सुटलेली असते. मला कळलं. आजोबांनाही कळलं. ते म्हणाले, "मोठा होता हं. तोडून गेला."

दुसरी माशी. पुन्हा पाठ. गाठ मारली की उरलेलं टोक कात्रीने कापायचं असतं. आजोबांनी कापलं आणि उठून उभे राहिले. दोर उचलला तर टोकाला काहीच नाही. त्यांनी उरलेल्या टोकाऐवजी तंगूसच कापला होता.

"उडाली वाटतं वाऱ्याने," ते म्हणाले.

वारा नव्हता. टाचणीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आजोबांच्या बाहीला चिकटलेली माशी काढून घेतली. तिच्यावर गाठ तशीच होती. ती माशीकडे पाहत राहिली. मग आजोबांकडे. रोज सकाळच्या दहा सुया तिला आठवल्या असणार.

"आजोबा, तुम्हाला दिसत नाही का?"

"मला सगळं दिसतं," आजोबा एकदम चिडून म्हणाले. "नदी दिसते. मासा उडालेला दिसतो. तू दिसतेस, तोंड वर करून शहाणपणा करणारी." मग आवाज खाली आला. "ते भोक तेवढं दिसत नाही. चारेक वर्षं झाली. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं." तंगूस बोटाला गुंडाळत म्हणाले, "तुझ्या आईला कळलं, तर कात्रीही जाईल आणि नदीही. मग मी दिवसभर काय करू, सांग बरं."

टाचणी त्यांच्या शेजारी बसली आणि माशी पुढे धरली. "गाठ कशी मारायची?"

आजोबांनी डोळे मिटून घेतले. मिटूनच त्यांना ती नीट दिसत होती. "ओव. आता टोक उलटं फिरव, मूळ धाग्याभोवती. पाच वेढे. मोज. आता पहिल्या वेढ्याच्या खालून टोक घाल. ओढू नकोस! कोरडी गाठ ओढली की धागा जळतो. थुंकी लाव. शिंप्याची नात ना तू? आता ओढ. सावकाश." त्यांनी गाठ चिमटीत धरून चाचपली. "हं," म्हणाले. आजोबांच्या तोंडून "हं" काढायला मोठमोठ्या गिऱ्हाइकांना जमत नसे.

मग त्यांनी तिला उथळ पाण्यात उभं केलं, घोट्याएवढ्या, आणि शेवटची ताकीद दिली. "काहीही झालं तरी काठी सोडायची नाही." चूक झाली ती इथे. मासेमारीत प्रत्येक जण हे वाक्य सांगतो. पण ज्याला सांगता तो नऊ वर्षांचा आहे आणि सांगितलेलं तंतोतंत ऐकणारा आहे, हे कुणी लक्षात घेत नाही.

सातव्या की आठव्या फेकीला मासा लागला. तिचा पहिला! मी मुठीपर्यंत वाकले. टाचणी किंचाळली, आजोबा ओरडले, "सैल सोड, जाऊ दे त्याला!" आणि मासा प्रवाहात निघाला. घाबरलेल्या टाचणीने दोर गुंडाळलेलं मुठीजवळचं रीळ घट्ट धरून ठेवलं. दोर सुटेना. मग दोर जाईना म्हणून तीच माशामागे गेली. एक पाऊल, दोन पावलं, आणि तिसऱ्या पावलाखालचे गोटे संपले. ती छातीपर्यंत पाण्यात गेली.

"सोड! काठी सोड!" आजोबा ओरडत होते. टाचणीच्या नाकातोंडात पाणी चाललं होतं, पण तिने मला दोन्ही मुठींनी धरलं होतं. तिला तसं बजावलं होतं ना. मी काठी आहे, मला बोट नाही की तिची बोटं सोडवीन. त्या दोन-चार क्षणांत मला जितकी भीती वाटली तितकी कधी वाटली नाही.

आजोबा पाण्यात शिरले. गुडघे, मांड्या, कंबर. पांढऱ्या रेघा कुठल्या कुठे गेल्या. त्यांनी एका हाताने तिची कॉलर पकडली, दुसऱ्याने मला तिच्या मुठींतून हिसकावलं आणि भिरकावून दिलं. चाळीस वर्षांत त्यांनी मला नीट टेकवल्याशिवाय हातातून सोडलं नव्हतं. माझं टोक दगडावर आपटलं आणि कट्‌कन मोडलं. दुखलं. पण मित्रांनो, मला वाचवायला ते अर्धा क्षण जरी थांबले असते, तरी मी पुन्हा त्यांच्या हातात सरळ वागले नसते.

तिला काठावर आणून त्यांनी पाठ चोळली, केस पुसले, रागावले, जवळ घेतलं आणि परत रागावले. थोड्या वेळाने वाहत जाऊन खालच्या वळणावर झाडाच्या मुळांत अडकलेली मी त्यांना सापडले. आणि ऐका, मासा अजून लागलेला होता! टाचणीची गाठ सुटली नव्हती. मासा दुखावू नये म्हणून आजोबांनी हात ओले केले, गळ काढला आणि मासा तिच्या ओंजळीत दिला. अंगावर लाल ठिपके, वीतभर लांब. तिने तो पाण्यात धरला, त्याने दोनदा कल्ले हलवले आणि गेला.

दोघं उन्हात कपडे वाळवत बसले. उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. पँट वाळली तसे आजोबा अस्वस्थ झाले. मग त्यांनी शर्टाच्या वरच्या, कोरड्या राहिलेल्या खिशातून खडू काढला. शिंप्याच्या खिशात खडू नसेल तर काय असेल? इकडेतिकडे पाहून त्यांनी दोन्ही पायांवर एकेक रेघ ओढली.

टाचणी ते पाहत होती. "आजोबा, एक गुडघ्यावर आलीय आणि एक मांडीवर."

पन्नास वर्षं सरळ रेघ मारलेला माणूस तो. ते त्या रेघांकडे डोळे बारीक करून बघत राहिले, आणि मला बघवेना. मग त्यांनी खडू तिच्यापुढे धरला. "मग तू काढ."

टाचणीने खडू घेतला. तिला सरळ रेघ येत होती. दोन रेघा, संपलं. आजोबांची नदी राहिली असती, मीही राहिले असते. खोटं कशाला बोलू, काढावी असं मलाही वाटत होतं.

तिने खडू रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. "मी आईला खरं सांगणार आहे."

"सगळं?"

"सगळं."

"भोकाचंही?"

"तेसुद्धा." आणि ती रडायला लागली.

बसमध्ये आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले. तिला झोप लागली तेव्हा तिचं डोकं मात्र त्यांनी आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

घरी आई नुकतीच कामावरून येऊन बसली होती. टाचणीने उंबऱ्यातच सगळं सांगितलं, न थांबता, पाठ केल्यासारखं. "मी खोल पाण्यात गेले, आजोबा मला काढायला आले, म्हणून खडू गेला, रेघा परत मारल्या त्या खोट्या आहेत, माशीचं भोक आजोबांना दिसत नाही, सुया मी ओवते." आजोबा भिंतीकडे बघत उभे. आईने टाचणीला आधी घट्ट धरलं. मग उठली, मशीनवरून रिकामी सुई आणि दोरा आणला आणि आजोबांच्या हातात दिला.

"ओवा."

आजोबांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी तिथेच, तिच्यासमोर, तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा दोरा सुईच्या बाजूने गेला.

"बाबा, मागे पडलात ते शेवाळावरून?"

"शेवाळं होतं की."

"बाबा."

"दगड दिसला नव्हता," आजोबा म्हणाले.

आईने सुई त्यांच्या हातातून काढून घेतली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ती म्हणाली. "दिवसभर वॉर्डात पडून आलेल्या म्हाताऱ्यांना विचारते मी, नीट दिसतं ना. आणि घरात... मला सांगायचं नाही का?" ती रागावली होती आणि रडतही होती. त्या दिवशी नदी बंद झाली. टाचणीने खोलीचं दार लावून घेतलं. खरं बोलून तिने आजोबांची नदी घालवली, असंच तिला वाटत होतं. आजोबा दारापाशी जाऊन म्हणाले, "मला राग आलाय. पण तू बरोबर केलंस. राग माझा आहे, मी बघून घेईन त्याचं."

त्या गडबडीत मला ओल्या पिशवीतच कपाटावर टाकलं गेलं. दोन महिने मी तशीच. अंगाला बुरशी आली, पितळी सांधा हिरवा पडला, खाणावळीवाला एकदा येऊन गेला. मी मनाची तयारी केली होती.

पण आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, मित्रांनो. दोन्ही डोळ्यांत. आधी एकाचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. पट्टी सुटल्यावर ते घरभर फिरले. "भिंतींना हा रंग कधी दिला?" "चार वर्षं झाली," आई म्हणाली. "तेव्हाच सांगायचं नाही का, किती घाण आहे ते," आजोबा म्हणाले. मग त्यांनी माश्यांची डबी उघडली आणि गेल्या काही वर्षांत स्वतः बांधलेली एक माशी उजेडात धरली. "ही माशी आहे की केरसुणी?" आणि पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतः मला खाली काढलं, बुरशी पुसली आणि मशीनवर ठेवलं. "टोक दुरुस्त करा," ती म्हणाली. "खाणावळीवाल्याला मी नाही म्हणून सांगितलंय. पण एकट्याने अजूनही नाही, हं." आजोबांनी माझं मोडकं टोक जोडलं आणि वरून रेशमी दोरा इतका सफाईने गुंडाळला की शोधून सांधा सापडू नये.

आता तुमच्याकडे काही मागायची माझी पाळी. माझ्यासारख्या वस्तू घरात असतील तर त्या ओल्या कोंबून ठेवू नका. टोकाला धरून ओढू नका. महिन्यातून एकदा बाहेर काढून पुसा, एवढ्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आणि घरातलं कुणी एखादं काम तुमच्याकडे पाठ करून करू लागलं, तर समोर जाऊन बघा. रागवायला नव्हे. नुसतं बघायला.

एवढं सांगून मी थांबले असते, पण परवाची गोष्ट राहते. आम्ही पुन्हा नदीवर गेलो. टाचणी वाटेत मागे रेंगाळत होती. नवीन डोळेवाल्या आजोबांना आपलं आता काय काम, असं तिला वाटत असावं. सुयाही ते हल्ली स्वतःच ओवतात. काठावर आजोबा तिच्याकडे तोंड करून बसले आणि पहिल्याच खेपेला तंगूस भोकातून आरपार गेला.

"जमलं तुम्हाला," टाचणी बारीक आवाजात म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ओवलेला तंगूस पुन्हा बाहेर ओढला आणि माशी तिच्या हातावर ठेवली.

"तू बांध."

"पण तुम्हाला दिसतं की आता!"

"म्हणूनच म्हणतोय. मागच्या वेळी तू गाठ मारलीस ती मला कुठे दिसली? आज बघू दे."

टाचणी खाली बसली. आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले, आणि तिने घातलेला एकेक वेढा डोळे भरून पाहत राहिले. पाच झाले. तिने गाठीला थुंकी लावली, सावकाश ओढली, आणि आजोबांनी आपली कात्री तिच्या हातात दिली.